पांढरा उजेड किती पांढरा?

शहापूरच्या नाहीतर मुरबाडच्या बाजारात साडी घ्यायला गेलं की आपण काय करतो? दुकानदाराने गादीवर उलगडलेली साडी उचलून दाराशी उन्हात नेतो. आत मोरपंखी वाटलेली बाहेर नुसतीच हिरवी निघते. दुकानातल्या दिव्याखाली रंग फसवतो, हे आपल्याला कुणी शिकवलेलं नाही, पण पक्कं ठाऊक असतं. दवाखान्यातही नेमका हाच प्रश्न असतो. बेडक्यातला क्षयाचा जंतू लाल दिसतो का, गर्भपिशवीच्या तोंडावरचा डाग पांढरा आहे का, बाळाचं अंग पिवळं पडलंय का, हे ओळखणं शेवटी एका दिव्यावर येऊन ठेपतं. साडीचा रंग फसला तर हजार रुपये जातात. इथे रंग फसला तर आजार हातातून निसटतो.

गेल्या पंधरा-वीस वर्षांत दवाखान्यातले हे दिवे बदलले. जुने तापणारे बल्ब गेले, त्यांच्या जागी एलईडी आले. आपल्या घरात आले तसेच. या दिव्याचं पोट उघडून बघू, म्हणजे पुढचं सगळं समजेल.

एलईडी मुळात पांढरा नसतोच. तो निळा असतो. लाल एलईडी १९६२ सालीच निघाला होता, पण झगझगीत निळा काही केल्या जमत नव्हता. तो १९९० च्या दशकात जपानमध्ये जमला, आणि त्यासाठी इसामू अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा या तिघांना २०१४ चं नोबेल पारितोषिक मिळालं. निळ्यासाठी एवढं का? तर निळा असल्याशिवाय पांढरा करता येत नव्हता. तुम्ही म्हणाल, निळ्याचा पांढरा कसा करतात? अहो, आपण तर आयुष्यभर तेच केलंय. पांढरं धोतर, पांढरा सदरा धुऊन धुऊन पिवळट पडला की शेवटच्या पाण्यात नीळ टाकतो. पिवळ्याला निळ्याची जोड मिळाली की डोळ्याला पांढरं भासतं. एलईडीत हेच उलट्या बाजूने करतात. निळ्या प्रकाशाच्या बारीकशा तुकड्यावर पिवळ्या पावडरीचा थर देतात. थोडा निळा उजेड तसाच बाहेर पडतो, बाकीचा पावडरीत शिरून पिवळा होऊन येतो, आणि दोन्ही मिसळून पांढरं दिसतं. खोटं वाटत असेल तर मोबाइलची बॅटरी बंद असताना तिच्या काचेत निरखून बघा, पिवळा ठिपका दिसेल. तीच ती पावडर.

आता मेख इथे आहे. उन्हात सातही रंग भरपूर असतात. निळा आणि पिवळा मिळून केलेला पांढरा दिसायला उन्हासारखा असला तरी त्याच्यात गडद लाल कमी असतो, आणि निळ्या-हिरव्याच्या मधला रंगही कमी. ताटात भात-आमटी भरपूर वाढली, पण चटणी-कोशिंबिरीची जागा रिकामी, असं काहीसं. पोट भरतं, पण ताट पुरं नसतं. आणि ज्या दिव्यात लाल कमी, त्याच्या उजेडात लाल वस्तू खुलून दिसत नाही. ती मळकी, तपकिरीकडे झुकलेली दिसते. वस्तू तीच असते, पण तिने परत पाठवायचा रंग दिव्याने तिला दिलेलाच नसतो.

दिवा रंग किती खरे दाखवतो हे मोजायला एक आकडा आहे, सीआरआय म्हणतात त्याला. उन्हाचा धरतात १००. घरातल्या साध्या एलईडी बल्बचा ८० च्या आसपास, आणि तपासणीच्या दिव्याला ९० च्या वर असावा असं मानतात. पण या आकड्यावरही डोळे झाकून भरवसा ठेवू नये. तो काढताना आठ फिकट रंग तपासतात, गडद लाल त्यात धरतच नाहीत. म्हणजे आकडा चांगला असूनही दिवा लालाच्या बाबतीत कच्चा असू शकतो. माणसाचं शरीर आतून सगळं लाल-गुलाबीच, आणि मोजणीत लालच नाही! चांगले कारखाने म्हणून लालाचा आकडा वेगळा लिहितात. गावाने किंवा पंचायतीने दवाखान्याला तपासणीचा दिवा भेट द्यायचं ठरवलं, तर दुकानदाराला हे दोन्ही आकडे जरूर विचारा. नुसते वॅट विचारून काही कळत नाही.

आता सूक्ष्मदर्शकाकडे येऊ. आपल्या भागात त्याचं सगळ्यात मोठं काम क्षयरोगाचं. २४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉख या जर्मन डॉक्टरांनी क्षयाचा जंतू जगाला दाखवला. तोही रंग देऊनच दिसला होता, कारण बिनरंगाचा तो दिसत नाही. आजही थुंकी काचेवर पसरवून, तापवून तिला लाल रंग देतात, मग आम्लाने धुतात. बाकी सगळ्यांचा लाल रंग निघून जातो. क्षयाच्या जंतूचं अंग मेणचट, म्हणून तो रंग सोडत नाही. मागून निळा रंग देतात, म्हणजे निळ्या पटावर बारीक लाल काड्या दिसाव्यात. ही काडी केवढी? एका मिलिमीटरचे हजार भाग करा, त्यातले दोन-तीन भाग. हजार पटीने मोठी करून बघावी लागते आणि भिंगाखालची काच सरकवत सरकवत शंभर जागा तपासाव्या लागतात. शंभर जागी काही नसेल तरच ‘निगेटिव्ह’ लिहायचं.

या भिंगाला खालून उजेड लागतो. पूर्वी आरसा असायचा, खिडकीतून येणारं ऊन तो वर फेकायचा. ढग आले की काम बंद. आपल्याकडे आषाढ-श्रावणात काय होत असेल, विचार करा. मग हॅलोजनचा बल्ब आला. त्याला वीज लागते, तो तापतो, आणि त्याची एक खोड आहे. उजेड कमी केला की तो पिवळा, मग तांबूस होत जातो. चुलीतला निखारा विझत जाताना तांबडा होतो ना, तसा. म्हणून वर निळी काच बसवत. विजेचा दाब खालीवर झाला की पटाचा रंगही खालीवर. एलईडीची ही कटकट नाही. कमी केला तरी रंग तोच राहतो, काचेला ऊब लागत नाही, आणि वीज इतकी थोडी लागते की बॅटरीवर चालतो. हजारो तास टिकतो. डोळखांब, किन्हवलीकडे किंवा धसई, टोकावड्याकडे पावसात तारा तुटल्या की वीज कधी येईल याचा नेम नसतो. तिथे बॅटरीवर चालणारा दिवा म्हणजे चैन नव्हे. लाल कमी असण्याची खोट मात्र स्वस्त एलईडीत राहतेच. म्हणून लाल काड्या शोधायच्या भिंगाखाली कुठला एलईडी बसवलाय, याला महत्त्व.

क्षयाच्या तपासणीत एलईडीने खरी कमाल केली ती मात्र पिवळी पावडर काढून टाकून. होय, नुसता निळा दिवा. थुंकीला लालाऐवजी ऑरामिन नावाचा रंग देतात. त्याच्यावर निळा प्रकाश टाकला की तो स्वतः हिरवट-पिवळा चमकतो. मधे एक काच घालून निळा उजेड अडवला की उरतो काळा पट आणि त्यावर चमकणाऱ्या काड्या. अमावास्येला झाडावर काजवे दिसतात तसं. काजवा शोधायला डोळे ताणावे लागत नाहीत. हजार पट मोठं करायची गरज नाही, दोनशे-चारशे पटीत भागतं. त्यामुळे एका नजरेत जास्त जागा दिसते, आणि निम्म्याहून कमी वेळात काच तपासून होते. वर जुन्या पद्धतीपेक्षा दहा टक्क्यांच्या आसपास जास्त रोगी सापडतात.

ही चमकणारी पद्धत नवी नव्हती. पण तिला पाऱ्याच्या वाफेचा दिवा लागायचा. महाग, तापट, दोनशे-तीनशे तासांत संपणारा, आणि बघायला अंधारी खोली हवी. म्हणून ती मोठ्या शहरांतल्या प्रयोगशाळांतच अडकली होती. निळ्या एलईडीने ती बाहेर काढली. २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं की पाऱ्याच्या दिव्याच्या जागी एलईडी आणा, आणि हळूहळू जुन्या लाल-निळ्या पद्धतीच्या जागीही. भारताच्या क्षयरोग कार्यक्रमानेही मग हे सूक्ष्मदर्शक घेतले.

पण दिवा काचेवर जे आहे तेच दाखवतो. काचेवर नुसती लाळ असेल तर? इथे आपला, बायकांचा, मुद्दा येतो. चारचौघांत खाकरून थुंकायला आपल्याला संकोच वाटतो. डबी हातात दिली की आपण कोपऱ्यात जाऊन तोंडातली लाळ टाकतो आणि परत देतो. पाकिस्तानातल्या रावळपिंडीत काही जणींनी आणि काही जणांनी डबी देण्याआधी नीट समजावून सांगून बघितलं, त्याचा अहवाल २००७ मध्ये आला. न सांगितलेल्या बायकांत शंभरांत ८ जणींची तपासणी पॉझिटिव्ह आली, समजावून सांगितलेल्यांत १३ जणींची. पुरुषांत असा फरक पडला नाही. दिवा तोच, भिंग तेच. एवढ्या बायका आधी ‘काही नाही’ असं ऐकून घरी जात होत्या.

म्हणून गटात हे बोला. सकाळी उठल्यावर पाण्याने चूळ भरायची. मोकळ्या हवेत, माणसांपासून लांब उभं राहायचं. दोन-तीनदा खोल श्वास घ्यायचा आणि छातीतून खोकून दाट बेडका काढायचा, लहान चमचाभर तरी हवा. दोन नमुने द्यायचे, त्यातला एक पहाटेचा. दोन आठवडे खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, वजन उतरणं, घामाने अंग भिजणं, यातलं काहीही असेल तर तपासणी करायचीच. ती सरकारी दवाखान्यात फुकट आहे. उपचार चालू असताना दर महिन्याला पोषणासाठी बँक खात्यात पैसे येतात. आधी ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले. आणि भात झोडपून झाल्यावर वीटभट्टीवर जाणाऱ्या घरांनी एक लक्षात ठेवावं. जाताना दवाखान्यात सांगून जायचं, गोळ्या दुसऱ्या ठिकाणी मिळण्याची सोय होते.

आता कुणी म्हणेल, हल्ली तर मशीनवर तपासतात, भिंगात कोण बघतं? खरंय. ट्रूनॅट नावाचं यंत्र तर आपल्या शेजारच्या गोव्यातल्या कंपनीने बनवलंय, तेही बॅटरीवर चालतं, आणि औषधाला न जुमानणारा जंतूही ओळखतं. रोग ओळखायला आता आधी तेच. पण त्या यंत्राला मेलेला जंतूही सापडतो. म्हणून औषध लागू पडतंय का, हे बघायला दोन महिन्यांनी पुन्हा भिंगाकडेच यावं लागतं.

रंगाचा प्रश्न आणखी नाजूक होतो तो गर्भपिशवीच्या तोंडाच्या तपासणीत. तिथे कापसाच्या बोळ्याने तीन ते पाच टक्क्यांचं व्हिनेगरसारखं आम्ल लावतात आणि मिनिटभर थांबतात. निरोगी जागा गुलाबीच राहते. कर्करोगाकडे झुकलेली जागा पांढरी पडते, काही वेळाने पुन्हा मावळते. कळीची गोष्ट ती एवढीच, गुलाबीवर पांढरा. भिंग नाही, यंत्र नाही, नुसते डोळे आणि दिवा. दिवा पिवळा असला की पांढरा डागही पिवळसर दिसतो आणि भोवतालात मिसळून जातो. दिव्यात लाल कमी असला की गुलाबी फिकी पडते आणि सगळंच पांढरट वाटू लागतं. नर्सताईने नुसत्या हातातल्या बॅटरीवर हे करू नये म्हणतात ते याचसाठी. मोठ्या रुग्णालयात यासाठी भिंग लावलेलं यंत्र असतं, आणि त्यात मुद्दाम एक हिरवी काच असते. हिरव्या उजेडात लाल रक्तवाहिन्या काळ्या दिसतात, वेड्यावाकड्या असतील तर लगेच नजरेत भरतात. लाल नीट बघायला कधी कधी लाल काढूनच टाकावा लागतो, गंमत आहे की नाही!

ही साधी तपासणी किती कामाची, ते मुंबईत सिद्ध झालंय. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून वस्त्यांतल्या दीड लाख बायकांचा अभ्यास केला. निम्म्या बायकांना दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा तपासणी दिली. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. दहावीपर्यंत शिकलेल्या, चार आठवडे प्रशिक्षण घेतलेल्या बायकाच होत्या. तपासलेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी निघाले. उस्मानाबादच्या, म्हणजे आताच्या धाराशिवच्या, खेड्यांत मात्र ही तपासणी एकदाच केली तेव्हा मृत्यू कमी झाल्याचं स्पष्ट दिसलं नाही. तिथे एचपीव्ही या विषाणूची चाचणी सरस ठरली. मला यातून एवढंच कळतं की एकदा बघून ‘झालं’ म्हणायची ही गोष्ट नाही. सरकारच्या २०१६ च्या सूचनेप्रमाणे ३० ते ६५ वयाच्या बाईची ही तपासणी दर पाच वर्षांनी व्हायला हवी. गटातल्या किती जणींची एकदा तरी झाली आहे, पुढच्या बैठकीत हात वर करून मोजा.

दुर्बिणीचं ऑपरेशन आपल्यातल्या कित्येक जणींनी केलेलं आहे. पोटाला बारीक छिद्र पाडून नळी घालतात, पण आत तर काळाकुट्ट अंधार. उजेड जातो कसा? दिवा बाहेर पेटीत असतो आणि केसाएवढ्या काचेच्या तंतूंची जुडी उजेड वाहून आत नेते. काचेच्या तंतूंच्या जुडीतून चित्र नेऊन दाखवणाऱ्यांत आपले पंजाबातले नरिंदर सिंग कपानी होते, १९५४ मधली गोष्ट. या पेटीत एलईडी बसवणं सोपं गेलं नाही. वाटेल, पुरत नसेल तर दहा एलईडी लावा. पण त्या जुडीचं तोंड पेन्सिलीएवढं. एलईडी उजेड चहूकडे पसरतो आणि पसरलेला उजेड नरसाळ्याने गोळा करून अरुंद तोंडात भरता येत नाही. पाण्याचं जमतं, उजेडाचं नाही. दिवे वाढवले तर उजेड बाजूलाच सांडतो. म्हणून वर्षानुवर्षं झेनॉनचे महागडे दिवे वापरले, जे एका बिंदूतून जळतात पण थोड्या शेकडो तासांत संपतात. आता अगदी लहान तुकड्यातून तीव्र उजेड देणारे एलईडी निघाले. काही पेट्यांत तर लाल, हिरवा आणि निळा असे वेगळे एलईडी रंगीत आरशांनी एकत्र आणून पांढरा करतात. त्यात लाल भरपूर ठेवता येतो, आणि पोटात लाल दिसणंच महत्त्वाचं. ऑपरेशन सुरू करण्याआधी डॉक्टर कॅमेऱ्यासमोर पांढरं गॉज धरतात. कॅमेऱ्याला सांगतात, हा पांढरा, बाकीचे रंग याच्या हिशेबाने दाखव. या उजेडाला ‘थंड उजेड’ म्हणतात खरं, पण नळीचं टोक कापडावर राहिलं तर कापड करपतं.

शेवटी घरचं. डोळ्याची खालची पापणी ओढून रक्त कमी आहे का बघतो, ते मोबाइलच्या बॅटरीवर बघू नका. तिच्यात लाल कमी, निळा जास्त. दिवसा अंगणात बघा. नवजात बाळाची कावीळही दिवसाच्या उजेडातच बघायची. कपाळावर, छातीवर बोट हलकं दाबून उचलायचं आणि त्या जागी पिवळेपणा दिसतो का ते पाहायचं. पिवळ्या बल्बखाली निरोगी बाळही पिवळं दिसतं, निळसर दिव्याखाली आजारी बाळ बरं दिसतं. जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत पिवळेपणा आला, किंवा कधीही तळहात-तळपाय पिवळे झाले, तर वाट न बघता रुग्णालय गाठायचं. कोवळ्या उन्हात धरून ही कावीळ उतरेल अशी आशा धरून दिवस घालवू नका. तिथे बाळाला निळ्या दिव्याखाली ठेवतात, डोळ्यांवर पट्टी बांधून. तो निळा दिवाही एलईडीच, पिवळी पावडर न लावलेला. त्या उजेडाने कातडीतल्या पिवळ्या द्रव्याचं रूप बदलतं आणि ते लघवी-शीवाटे बाहेर पडतं. बाळ त्याच्याखाली असताना आईने घाबरायचं नाही. दूध पाजायला त्याला बाहेर काढता येतं, आणि वरचेवर पाजायचंच असतं.